बॅटरीला फुटलेली पालवी

गाद्यांच्या दुकानावरचा तो हॉल एरवी ओस पडलेला असायचा. त्या दुपारी मात्र जिन्यातच चपलांचा खच पडला होता आणि आत मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांचे उजवे हात वर होते आणि प्रत्येक हातात मोबाइल होता. एवढी धडधाकट माणसं छताला फोन दाखवत उभी आहेत, हे दृश्य या जन्मी बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. कुणाचा हात दुखू लागला तर तो डाव्या हाताचा टेकू द्यायचा, पण हात खाली घ्यायचा नाही.

समोर उंच खुर्चीत ऊर्जागुरू बसले होते. पांढराशुभ्र पोशाख, नीट कातरलेली दाढी आणि तुपात घोळवलेला आवाज. "बॅटरी संपत नाही, बॅटरी थकते," ते सांगत होते. "तुम्ही तिला वीज देता, शांती देता का? आईला पोटभर जेवू घातलं आणि दिवसभर राबवलं, तर आई किती दिवस टिकेल?"

आई म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी रुमाल काढले. मग एक बाई उठली. तिचा फोन पूर्वी दुपारीच मान टाकायचा, आता चार्जरला हात न लावता तीन दिवस चालतो, असं तिने सांगितलं. टाळ्या झाल्या. शेजारच्याने तिला विचारलं, "पालवी फुटली का?" तिने फोन पुढे केला. बॅटरीच्या चित्रात एक बारीकसं हिरवं पान दिसत होतं. गुरूंची कृपा झाली की हे पान उगवतं, म्हणे. काही फोनांत पान उगवत नाही, चित्र पिवळं पडतं. तीही कृपाच, फक्त कंपनी वेगळी.

मी शाळेत विज्ञान शिकवते. टाकीत पाणी तेवढंच असेल आणि ते जास्त दिवस पुरत असेल, तर कुणीतरी गुपचूप पाणी भरतंय किंवा कुठला तरी नळ बंद झालाय, एवढं माझ्या सहावीच्या मुलांनाही कळतं. पण इथे नळ कुठला, ते मला कळत नव्हतं. आणि गर्दीत हात वर करून उभ्या असलेल्यांमध्ये माझा सख्खा धाकटा भाऊ आणि माझी भावजय होती. म्हणून मी भिंतीला टेकून, तोंड मिटून सगळं बघत राहिले.

धाकट्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. हॉलच्या समोरच डायलिसिस केंद्र आहे. तिथे दर दोन दिवसांआड तो खुर्चीत पडून रक्त धुऊन घ्यायचा. मोठ्या रुग्णालयात त्याचं नाव प्रतीक्षायादीत होतं. जुळणारं मूत्रपिंड मिळालं की फोन येणार, आणि तो लगेच उचलायचा. नाही उचलला, तर पुढच्या माणसाला फोन. तिथल्या बाईंनी हे नाव नोंदवतानाच बजावलं होतं. नोंदीत दोन नंबर होते, त्याचा आणि भावजयीचा.

तेव्हापासून फोन म्हणजे त्या घराचा जीव होऊन बसला होता. धाकटा घटकेघटकेला फोन उघडून बघायचा. आला का? रेंज आहे का? आवाज पूर्ण आहे ना? स्क्रीन दिवसभर जळत राहायची आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत तळ गाठायची. बॅटरी उतरू लागली की त्याची धास्ती वाढायची, आणि धास्ती वाढली की तो आणखी उघडून बघायचा. केंद्रातल्या इतरांचीही तीच गत होती. बाहेरच्या बाकांवर नातेवाईक बसलेले, सगळ्यांचे फोन मरणपंथाला लागलेले, आणि भिंतीत प्लग एकच. त्या प्लगवरून मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना हमरीतुमरीवर येताना पाहिलंय. धाकट्याच्या शेजारच्या खुर्चीवर एक बेकरीवाला असायचा. त्याचा फोन तर वायर काढली की बंदच पडायचा. तो आल्याआल्या प्लगजवळची जागा धरायचा आणि सगळ्यांच्या शिव्या खायचा.

भुकेल्यांच्या रांगेत शिळं अन्नही खपतं. गुरूंचा एक माणूस त्या बाकांवर रोज येऊन बसू लागला. राखाडी जाकीट, गोड बोलणं, हातात चार दिवस न उतरणारा फोन. त्याने कुणालाही चला म्हटलं नाही. नुसता आपला फोन दाखवायचा आणि उसासा टाकायचा, "माझीही अशीच तारांबळ उडायची हो." बस्स, एवढ्यावर गोठ्यातल्या गाई आपण होऊन त्याच्या मागे निघाल्या.

तर त्या दुपारी गुरूंनी हात खाली घ्यायला सांगितले आणि फोन एकेक करून मौनपेटीत जाऊ लागले. मौनपेटी म्हणजे भिंतीला लावलेलं एक मोठं लाकडी कपाट, समोर काळा पडदा आणि आत खण. फोन देताना त्याचं लॉक काढून द्यायचं, असा दंडक होता. "कुलूप लावलेल्या घरात पाहुणा कसा शिरणार?" गुरू हसून म्हणाले. मग डोळे मिटून त्यांनी घशातून एक लांब सूर काढला, आणि सगळा हॉल त्यात सूर मिसळून गुणगुणू लागला. मधमाश्यांच्या पोळ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. त्या गदारोळात कपाटामागे मांजरं भांडली असती तरी कुणाला ऐकू आलं नसतं, हे मी तेव्हाच मनात टिपलं.

सूर थांबला, फोन परत आले. प्रत्येकाला जाड लोकरी कापडाची एक पिशवी मिळाली. नियम असे की फोन पिशवीतच ठेवायचा, दिवसातून तीनदाच काढायचा, काढण्याआधी हात धुवायचे आणि आतल्या सेटिंगला बोट लावायचं नाही, नाहीतर कृपा विस्कटते. एका म्हाताऱ्याने धीर करून विचारलं की मधल्या वेळात कुणाचा फोन आला तर? गुरूंना याच प्रश्नाची वाट असावी. "नकोसे कॉल आपोआप गळतात," ते म्हणाले. "जो यायचाच आहे, तो पिशवी फाडून तुमच्यापर्यंत येईल."

धाकट्याने माझ्याकडे वळून पाहिलं. त्याचा चेहरा इतका निवांत मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. माझ्या जिभेवर आलेलं बोलणं मी गिळलं.

पण गिळलेलं पचलं नाही. जिना उतरताना मी म्हटलंच की दिवसातून तीनदाच बघितला, तर दगडाचाही फोन आठवडाभर चालेल. त्यावर तो थांबला. "ताई," तो म्हणाला, "मला जरा बरं वाटतंय, ते तुला बघवत नाही का?"

आणि बॅटरी टिकली, हे नाकारता येत नव्हतं. एका चार्जिंगमध्ये दिवस उलटला, दुसराही उलटला. पान उगवलेलं होतं. स्क्रीन जरा मंद दिसायची, तर भावजय म्हणायची की फोनच्या डोळ्यांत करुणा आली. ती घरी पडदे शिवते. मशीनच्या वरच्या खुंटीला दोन पिशव्या शेजारी शेजारी टांगलेल्या असायच्या आणि ती अधूनमधून त्यांच्याकडे बघून हात जोडायची. फोन काढला की न उचललेले चारदोन कॉल दिसायचे. पण ते कुणाचे, तर गॅसवाल्याचे, चुलतभावाचे, कुठल्या तरी जाहिरातीचे. "गळले बघ," दोघं एकमेकांना सांगायची. चुलतभाऊ मात्र माझ्याकडे तक्रार करून गेला की हे दोघं हल्ली फोन उचलत नाहीत, काही बिनसलंय का? तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

एका रविवारी डायलिसिसला मी सोबत येते, हे सांगायला मी सकाळपासून फोन लावत होते. उत्तर नाही. तशीच उठून त्यांच्या घरी गेले. धाकटा खिडकीत पेपर वाचत बसला होता, भावजय मशीनवर. दोघंही खुंटीपासून हाताच्या अंतरावर. माझा फोन आला होता का, असं विचारल्यावर धाकटा म्हणाला की छे, सकाळपासून वाजलाच नाही.

मी पर्स उघडली, माझा फोन काढला आणि त्यांच्यासमोर त्याचा नंबर लावला. माझ्या कानात रिंग जात होती. खुंटीवरची पिशवी मख्ख. ना आवाज, ना थरथर. धाकटा हसला आणि म्हणाला, "तुझा कॉल नकोसा असेल."

मी पिशवी खाली काढली. भावजय घाईने म्हणाली, "ताई, हात धुवा आधी." मी हात न धुता फोन बाहेर ओढला. स्क्रीनवर माझे न उचललेले कॉल होते, ओळीने. त्यांच्या मधोमध आणखी एक नंबर होता, पुन्हा पुन्हा आलेला. तो नंबर आम्हा तिघांनाही पाठ होता. मी काही बोलायच्या आत भावजयीने आपली पिशवी उचकटली. तिच्याही फोनवर तोच नंबर.

धाकट्याने स्वतः रुग्णालयात फोन लावला. पलीकडच्या बाई चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की दोन्ही नंबरांवर वारंवार प्रयत्न केला, अवयव फार वेळ थांबत नाही, शेवटी पुढच्या रुग्णाला बोलावलं. तुमचं नाव यादीत आहे, काळजी घ्या. धाकट्याने "बरं, आभारी आहे" म्हटलं, फोन टेबलावर ठेवला आणि पेपरची घडी घालू लागला. नीट घालून झाली तरी घालतच राहिला. मला इतकं रडू आलं की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

त्या दिवशी केंद्रात शेजारची खुर्ची रिकामी होती. नर्सने सांगितलं की बेकरीवाल्याला सकाळीच बोलावणं आलं. वायर प्लगमध्ये होती, त्याने पहिल्याच रिंगला उचलला. धाकटा म्हणाला की चला, घरातल्याघरात गेलं. त्याने ते मनापासून म्हटलं. मला तसं म्हणता आलं नाही.

तुम्हाला वाटेल, आता तरी डोळे उघडले असतील. तिथेच तर माणसं फसतात. राखाडी जाकीट बाकावर हजर होतंच. त्याने सगळं ऐकून घेतलं, उसासा टाकला आणि भावजयीला हळूच विचारलं की पिशवीला कधी अस्वच्छ हात लागला होता का? बिचारीला आठवलं. एकदा मशीनला तेल घालता घालता तिने घाईत पिशवी काढली होती. बस्स. घरी येऊन ती पाट्यासारखी बसून राहिली. माझ्याच हाताने त्यांचं मूत्रपिंड घालवलं, असं ती तीन दिवस म्हणत होती. जेवणावरून उठून पुन्हा पुन्हा हात धुवायची. कातडी लाल झाली. तो हरामखोर आपला गुन्हा तिच्या तळहातावर पुसून गेला होता, आणि मला तेव्हा जो संताप आला तो आजही उतरलेला नाही.

समजावून उपयोग नव्हता. पुरावा हवा होता.

आमच्या शाळेतली कार्टी फोनवर खेळ खेळतात आणि स्क्रीनवर काय काय घडलं त्याचं चित्रण करून मिरवतात. फोनच आपल्या पोटातलं सगळं टिपतो, आजूबाजूचे आवाजसुद्धा. ते कसं करायचं हे मी एका मुलीकडून शिकून घेतलं. पुढच्या सभेला मी हात वर करून, भक्तिभावाने उभी राहिले. चित्रण सुरू केलं, लॉक काढलं आणि माझा फोन मौनपेटीत सोडला. गुरूंनी सूर लावला. मीही लावला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

फोन परत मिळाल्यावर घरी येऊन दार लावलं आणि भावजयीला समोर बसवून चित्रण दाखवलं. आधी नुसतं गुणगुणणं. मग माझ्याच फोनच्या सेटिंगमध्ये कुणाचं तरी बोट भराभर फिरू लागलं. उजेड कमी. बॅटरी बचत चालू. तेवढ्यात कोपऱ्यात टुणकन पान उगवलं. इंटरनेट बंद. आणि मग रिंग बंद, थरथर बंद. मागून एका बाईचा आवाज आला, "आवाज कशाला घालवतोस रे यांचा?" त्यावर एक ओळखीचा गोड आवाज म्हणाला, "वाजला की बाहेर काढतात, काढला की तासभर बघत बसतात. मग कसली टिकते बॅटरी?"

तो बाकावर बसून उसासे टाकणाराच आवाज होता. भावजयीने ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि मग पुन्हा. शेवटी तिने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि पहिल्यांदा मोकळं रडली.

पुढच्या सभेला आम्ही तिघंही गेलो. अनुभव सांगणाऱ्यांच्या रांगेत भावजय उभी राहिली. तिची पाळी आल्यावर तिने माइकजवळ माझा फोन धरला आणि चित्रण सुरू केलं. आवाज हॉलभर गेला. पुढच्या रांगेतले लोक उठून स्क्रीन बघायला आले, त्यांनी मागच्यांना सांगितलं. मी काळा पडदा बाजूला ओढला. कपाटाला मागची फळीच नव्हती. पलीकडच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि फोन मांडायला एक ट्रे दिसत होता.

गुरू डगमगले नाहीत, हे मानलं पाहिजे. ते म्हणाले की बोट निमित्त असतं, शांती वरून येते. मागून कुणीतरी विचारलं की मग शांती वरून येते, तर पिशवी कशाला? हशा पिकला. गुरूंनी हात वर करून तो दाबायचा प्रयत्न केला, तेवढ्यात भावजय बोलली.

"माझे हात अस्वच्छ होते म्हणून फोन वाजला नाही, असं तुमच्या माणसाने मला सांगितलं. त्या फोनवर माझ्या नवऱ्याचा जीव येणार होता. आवाज कुणी बंद केला, ते सांगा."

गुरूंनी राखाडी जाकिटाकडे पाहिलं, जाकिटाने जमिनीकडे. मग एका म्हाताऱ्याने आपली पिशवी उलटी केली, फोन काढला आणि शेजारणीला म्हणाला की पोरी, याचा आवाज आणि इंटरनेट कुठून चालू करायचं ते दाखव. तिने दाखवलं, आणि त्याचा फोन टिंगटिंग वाजू लागला. दुसऱ्याने काढला, तिसरीने काढला. अडकून पडलेले निरोप सगळ्या हॉलभर एकदम कोसळू लागले. कुणाची मुलगी सुखरूप पोचली होती, कुणाला कामावरून बोलावणं आलं होतं, कुणाच्या औषधाच्या वेळेची आठवण दोन दिवस आत कोंडून पडली होती. लोक वाचत होते आणि त्यांचे चेहरे उतरत होते. या गोंधळात गुरू मागच्या दाराने कधी गेले, ते कुणी पाहिलंही नाही. पुढच्या आठवड्यात हॉलवर दुसऱ्याच कुठल्या शिबिराचा फलक लागला.

डायलिसिस केंद्रात आता मी महिन्यातून एकदा बाकावरच्या लोकांना बसवून चार गोष्टी सांगते. उजेड कमी करा, बॅटरी बचत खुशाल लावा, नको असलेली ॲप बंद ठेवा; पान आपल्याच बोटाने उगवतं. आवाज मात्र स्वतः तपासा, आणि यादीत तिसऱ्या माणसाचाही नंबर द्या. सगळ्यांनी मिळून प्लगला एक लांब बोर्ड जोडून घेतला, तेव्हा भांडणंही मिटली. यात चमत्कार काहीच नाही, म्हणून गर्दीही होत नाही. पण माझं एवढंच मागणं आहे की तुमची वस्तू कुणी पडद्याआड नेली, तर आत काय करता, हे विचारा. विचारल्याने जी कृपा विस्कटते, ती कृपा नव्हे. आणि काही बिघडल्यावर जो तुमच्या हाताकडे बोट दाखवतो, त्याचे हात आधी तपासा.

धाकट्याचं नाव अजून यादीत आहे. त्याचा फोन आता संध्याकाळी चार्जरला लागतो आणि आवाज पूर्ण असतो. वाजला की भावजयीचं मशीन थांबतं. बहुतेक वेळा पलीकडे कर्ज हवंय का विचारणारी एखादी मुलगी असते. पूर्वी तो अशांवर खेकसायचा. आता पूर्ण ऐकून घेतो, नको म्हणतो आणि फोन ठेवण्याआधी तिला सांगतो, "फोन केलास, बरं केलंस. वाजतोय हे कळलं."